चौथ्यांदा गॅस भरण्यापूर्वी

प्रश्न : आमची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षीच्या मार्चपासून तिच्या एसीचा गॅस तीन वेळा भरून घेतला. पहिल्यांदा भरल्यावर सगळा उन्हाळा निघाला, ऑक्टोबरमध्ये भरला तेव्हा जेमतेम दिवाळीपुरता गारवा मिळाला, आणि या एप्रिलमध्ये भरल्यावर तर सिग्नलवर आधीपेक्षाही वाईट स्थिती झाली. जळगावहून धुळ्याकडे निघाले की एसी चांगला चालतो. पण अजिंठा चौफुलीला थांबले की दोन मिनिटांत कोमट हवा येऊ लागते आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही नेहमीपेक्षा थोडा वर चढतो. गॅरेजमध्ये सांगतात की कॉम्प्रेसर दमला आहे, चोवीस हजार रुपये लागतील. नोव्हेंबरमध्ये नाशिकला जाताना धुळे ओलांडल्यावर एसीची हवाच कमी होत गेली, चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघालो तेव्हा ती पूर्ववत झाली. जाता जाता आणखी एक : डिसेंबरमध्ये तोरणमाळला गेलो तेव्हा हीटर कोमटच राहिला, सासऱ्यांच्या पायाखालचा गालिचा ओला झाला होता, समोरची काच आतून चिकट होते आणि सासरे म्हणतात की गाडीत गुऱ्हाळासारखा गोड वास येतो. कॉम्प्रेसर बदलावा का?
– एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

कॉम्प्रेसर आताच बदलू नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा ते शेवटाकडून वाचायला घेतले, कारण तुम्ही "जाता जाता" म्हणून जे लिहिले आहे तेच मला सर्वांत आधी हाताळण्यासारखे वाटते. सिग्नलवर कोमट हवा आली तर माणसाला घाम येतो, एवढेच. पण ज्या गाडीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, हळूहळू गळत आहे ती गाडी मे महिन्याच्या दुपारी महामार्गावर इंजिन तापून उभी राहू शकते, आणि तापलेल्या इंजिनाचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले सील, गेले तर तो खर्च कॉम्प्रेसरच्या खर्चालाही मागे टाकू शकतो.

गालिचा ओला होण्याची दोन नेहमीची कारणे असतात. एसी चालू असताना डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थिजून पाणी तयार होते आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडते. ही नळी धुळीने तुंबली की पाणी उलटे फिरून पुढच्या डाव्या बाजूला पायाखाली उतरते. हे पाणी स्वच्छ असते, त्याला वास नसतो, आणि मुख्य म्हणजे ते एसी चालवल्याशिवाय तयारच होत नाही. तुम्ही तोरणमाळच्या थंडीत हीटर लावला होता, म्हणजे एसी बहुधा बंदच असणार. मग पाणी आले कुठून? त्याच पेटीत कूलिंग कॉइलच्या शेजारी हीटर कॉइल असते, म्हणजे रेडिएटरचीच एक लहान आवृत्ती, जिच्यातून इंजिनाचे गरम कूलंट फिरते आणि जिच्यावरून ब्लोअरची हवा गेली की गाडीत ऊब येते. ही कॉइल झिरपू लागली की गालिचा ओला होतो, कूलंटची वाफ थंड काचेवर बसून चिकट थर तयार होतो, आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे गोडसर वास येतो. सासऱ्यांच्या नाकाने निम्मे निदान करून ठेवले आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. हीटर कोमट का राहिला याचाही उलगडा यातच होतो : कूलंट कमी झाले की पाइपांमध्ये हवा शिरते, आणि हीटरकडे गरम पाणी पुरेसे पोहोचत नाही.

खात्री करायला फार काही लागत नाही. पायपुसणे उचलून खालच्या गालिच्यावर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा घट्ट दाबून धरा. डाग हिरवट, गुलाबी किंवा निळसर आला आणि बोटांना बुळबुळीत लागला, तर ते कूलंट. तांबूस आला, तर कोणीतरी कूलंटऐवजी साधे पाणी ओतत आले आहे आणि आतून गंज धरला आहे. माझ्या मते आपल्याकडच्या कितीतरी हीटर कॉइल याच सवयीने जातात. डाग चाखून पाहू नका. ग्लायकॉल विषारी असते आणि गोड लागत असल्यामुळे मांजरे-कुत्रीही ते चाटतात, म्हणून तो तुकडा उघड्यावर टाकू नका. त्यानंतर सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॉनेट उघडून कूलंटच्या पांढरट टाकीवरच्या दोन खुणा पाहा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट घालून ती वर आणा आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही, हे तुम्हाला माहीत असेलच; तरी मी लिहितो, कारण त्या उकळत्या फवाऱ्याने भाजलेला हात मी जवळून पाहिला आहे.

आता सिग्नलवरच्या कोमट हवेकडे येऊ. तीन वेळा गॅस भरून झाला तो याच तक्रारीवर, आणि त्या तीनही वेळा ती का आली हे कोणी शोधल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, वापरून संपत नाही, तोच तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तुमच्या गाडीत बहुधा आर-१३४ए हा गॅस असेल. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून दाब कमी असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून गाडीतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो. आत शोषलेली सगळी उष्णता बाहेर टाकण्याची जागा कंडेन्सर हीच आहे. त्यामुळे गाडी पळताना गार आणि थांबल्यावर कोमट अशी तक्रार कोणी केली की अनुभवी माणूस सर्वांत आधी कंडेन्सरवरून वारा जातो की नाही हे पाहतो, कारण महामार्गावर तो वारा फुकट मिळतो आणि सिग्नलवर तो फॅनलाच ओढावा लागतो. तुमच्या इंजिनाचा काटाही सिग्नलवरच वर चढतो. तुमच्यासारख्या छोट्या गाड्यांमध्ये पुष्कळदा एकच फॅन कंडेन्सर आणि रेडिएटर या दोन्हींतून वारा ओढतो. एका फॅनने दोन्ही ठिकाणी दगा दिला असेल आणि कूलंटही कमी असेल, तर तुमच्या दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी मुळात एकच आहेत. त्यात भर म्हणजे इंजिन फार तापू लागले की अनेक गाड्यांचा संगणक इंजिनाचा भार हलका करण्यासाठी कॉम्प्रेसरच बंद करतो, आणि आत बसलेल्याला वाटते की गॅस संपला.

घरच्या अंगणात तीन गोष्टी करून पाहा. मे महिन्याच्या दुपारी नको, सकाळी सातच्या सुमाराला करा. ओढणी किंवा पदर नीट खोचून घ्या आणि हात फॅनपासून दूर ठेवा, कारण हा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी सुरू करून एसी लावा, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा, आणि फॅन फिरू लागतो का ते बघा. फिरत असला तरी एवढ्याने समाधान मानू नका. वर्तमानपत्राचे एक पान पुढच्या ग्रिलवर धरून सोडा. फॅनमध्ये दम असेल तर पान ग्रिलला चिकटून राहते, आणि ब्रश झिजलेला फॅन डोळ्यांना फिरताना दिसूनही पान खाली गळून पडते. फॅन मुळीच फिरत नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) पाहावा, मग वायरिंगचे सॉकेट, आणि शेवटी मोटर. फॅनला दोन वेग असतील तर हळू वेगाचा रेझिस्टर जळलेला असण्याचीही शक्यता असते. त्या वेळी फॅन थेट जोराच्या वेगावरच उशिराने सुरू होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची आहे. गाडी उभी ठेवून एसी चालू द्या, हवा कोमट होईपर्यंत वाट पाहा, आणि मग ग्रिलमधून कंडेन्सरवर दोन-तीन मग पाणी हलकेच ओता. जोराची फवारणी करू नका, तिने कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या वाकतात. मिनिटाभरात डॅशबोर्डच्या जाळीतून गार हवा येऊ लागली, तर कॉम्प्रेसर निर्दोष आहे असे समजायला हरकत नाही. त्याने गॅस दाबला होता, उष्णता बाहेर पडत नव्हती एवढेच. याच वेळी टॉर्च मारून कंडेन्सरच्या आत बघा. खानदेशात कापसाच्या गाड्यांमागून जाणाऱ्या वाहनांच्या कंडेन्सरवर धूळ, किडे आणि तंतू यांची गोधडी तयार होते, आणि ती कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असली तर समोरून दिसतही नाही.

तिसरी गोष्ट करताना गाडी जागेवरच ठेवा, आणि कोणाला तरी अॅक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरायला सांगा. फॅन विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन वेगाने फिरले म्हणून वारा वाढत नाही. वाढतो तो फक्त कॉम्प्रेसरचा वेग. पाण्याने काही फरक पडला नाही आणि अशा रीतीने मात्र हवा लगेच गार झाली, तर कॉम्प्रेसरची ताकद कमी झाली आहे किंवा गॅस कमी आहे, आणि तेव्हाच तुमच्या गॅरेजच्या म्हणण्याला काही आधार मिळतो.

एक जुनी चूक सांगतो, कारण ती माझीच आहे. मी वर्कशॉपमध्ये नवीन होतो तेव्हा एका डॉक्टरांच्या गाडीचा कॉम्प्रेसर मी नेमक्या याच तक्रारीवर बदलला. नवा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग), नवा गॅस. वर्कशॉपच्या आवारातून चक्कर मारली तर हवा बर्फासारखी गार. पाचव्या दिवशी डॉक्टर परत आले, आणि ओरडले नाहीत, याचीच मला अधिक लाज वाटली. त्या गाडीचा फॅनचा रिले जळला होता. आमचे आवार उतारावर आणि मोकळ्या वाऱ्यावर होते, त्यामुळे चाचणीत काहीच कळले नव्हते. तेव्हापासून मी बॉनेट उघडले की आधी फॅनकडे पाहतो, गॅसचा दाब मोजणारे गेज नंतर लावतो.

गेज लावायचे म्हणजे काय आणि त्यावर काय वाचायचे, हे ग्राहकाला ठाऊक असले तर बोलणे सोपे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला आणि लाल नळी जास्त दाबाच्या बाजूला लावतात. बाहेर ३५ अंशांच्या आसपास तापमान असताना, एसी चालू ठेवून, निळ्या काट्यावर साधारण ३० ते ५० आणि लालवर २०० ते २८० पीएसआय (दाबाचे एकक) दिसावे. तुमच्याकडच्या मेमधल्या दुपारी लाल काटा ३०० ओलांडतो, त्याने घाबरायचे कारण नाही. दोन्ही काटे खूप खाली असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे दोघांमधले अंतर मिटत चाललेले, असे दिसले तर कॉम्प्रेसरला दाबणे जमत नाही. आणि दोन्ही काटे वर चढलेले असतील, तर कंडेन्सरला वारा मिळत नाही किंवा गॅस जरुरीपेक्षा जास्त भरला आहे. ज्या गाडीचा लाल काटा सिग्नलसारख्या स्थितीत साडेतीनशेवर जातो तिच्या कॉम्प्रेसरला दमलेला म्हणता येत नाही. दमलेल्याला एवढा दाब निर्माणच करता येत नाही. तुमच्या गाडीचे काटे कुठे होते, हे गॅरेजने तुम्हाला सांगितले का? सांगितले नसेल तर चोवीस हजारांचे अंदाजपत्रक कशावरून काढले, हे शांतपणे विचारा.

इंजिन बंद असताना गेज पाहून "गॅस भरलेला आहे" किंवा "अर्धा आहे" असे सांगणारेही भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये द्रव गॅसचा थोडा जरी साठा शिल्लक असला तरी शेगडी पूर्वीसारखीच पेटते, आणि म्हणूनच सिलिंडर घेताना आपण त्याचे वजन करून घेतो, दाब मोजत नाही. गाडीतही तसेच आहे. ३५ अंशांना बंद एसीचा दाब सुमारे ११५ पीएसआय दिसतो, मग आत चारशे ग्रॅम असोत की दोनशे. तुमच्या आकाराच्या गाडीत साधारण ३५० ते ४५० ग्रॅम गॅस बसतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या छोट्या स्टिकरवर छापलेला असतो. आधी आत किती आहे हे न मोजता "थोडा मारून देतो" म्हणून वरून भरणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी स्वस्ताई आहे. एप्रिलमध्ये भरल्यानंतर तुमचा सिग्नलवरचा त्रास वाढला, यावरून माझा अंदाज असा की त्या वेळी आत किती उरला आहे हे न मोजता जरुरीपेक्षा जास्त गॅस चढवला गेला. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये जागा अडवतो, उष्णता बाहेर टाकायला कमी पृष्ठभाग उरतो, दाब चढतो, आणि वारा नसलेल्या सिग्नलवर ही गोष्ट लगेच जाणवते.

म्हणून चौथ्यांदा काहीही भरू देऊ नका. रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी गाडी न्या आणि आतला गॅस आधी काढून त्याचे वजन लिहून द्यायला सांगा. स्टिकरवर ४०० असून मशीनने ५५० ग्रॅम काढले, तर एप्रिलचा खुलासा झाला. २२० निघाले, तर गळती अजून चालू आहे. हे एक वजन पुढची बरीच चर्चा वाचवते. गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. वजन कळत नाही हे तर आहेच, शिवाय आर-१३४एची पृथ्वी तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते.

गळती आहे याबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. पहिल्यांदा भरलेला गॅस एक उन्हाळाभर टिकला आणि दुसऱ्यांदा भरलेला काही आठवडेच, याचा अर्थ छिद्र मोठे होत गेले. रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो, त्याला गळती म्हणत नाहीत. पण वर्षभरात दोनदा भरावा लागणे हे झिरपणे नव्हे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते आणि गळतीच्या जागी ते बाहेर येते, त्यावर धूळ बसते, त्यामुळे नळीच्या जोडावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात दिसणारा काळपट तेलकट डाग हा पहिला पुरावा असतो. आठ वर्षांच्या गाडीत मी आधी कंडेन्सर पाहीन, कारण रस्त्यावरचे खडे त्यालाच लागतात. मग जोडांमधल्या ओ-रिंग, गॅस भरायच्या तोंडातली पिन आणि कॉम्प्रेसरच्या पुलीमागचे सील. बाहेर काही सापडले नाही तर कूलिंग कॉइलवर संशय घ्यावा लागतो.

व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून केलेली पोकळी, अर्धा तास टिकला म्हणून गळती नाही, असे तुम्हाला सांगितले जाईल. ते अपुरे आहे. व्हॅक्यूम काढल्यावर बाहेरचा दाब जेमतेम एक वातावरणाचा असतो आणि तो आतल्या दिशेने असतो. चालू एसीमध्ये दाब त्याच्या पंधरा-वीस पट आणि बाहेरच्या दिशेने असतो. बारीक छिद्र एकात गप्प राहते आणि दुसऱ्यात गळते. व्हॅक्यूमचे खरे काम आतली दमट हवा ओढून काढणे हे आहे, आणि त्यासाठी तो हवाच. गळती शोधायची तर नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचे पाणी लावावे, किंवा डाय, म्हणजे टॉर्चच्या प्रकाशात चमकणारा रंग, घालून काही दिवस गाडी चालवावी आणि मग निळ्या प्रकाशाच्या टॉर्चने पाहावे. कूलिंग कॉइल डोळ्यांना दिसत नाही, पण डाय घातलेला असेल तर तिच्यातून गळणारा डाय खालच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात चमकतो. नायट्रोजनऐवजी टायरचा कॉम्प्रेसर लावणाऱ्याला तिथेच थांबवा. त्या हवेतली वाफ तेलात शिरली की काही महिन्यांत आतून गंज आणि आम्ल तयार होते.

नोव्हेंबरमध्ये धुळ्यापुढे हवा कमी होत गेली, त्याचे उत्तर तुम्हीच चहाच्या थांब्यात दिले आहे. ब्लोअरचा आवाज तोच राहून हवा कमी होणे आणि वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर ती परत येणे, याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ जमला होता आणि थांबल्यावर तो वितळला. त्या दिवशी गाडीखाली पाण्याचे मोठे थारोळे दिसले होते का, हे आठवून पाहा. बर्फ जमण्याची तीन कारणे नेहमीची : ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर तुंबलेला असणे, कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर चुकीचे सांगत असणे, किंवा गॅस कमी असणे. तेव्हा तुमचा दुसऱ्यांदा भरलेला गॅस गळून कमी होत आला होता, त्यामुळे तिसरे कारण मला जवळचे वाटते. पण फिल्टर आधी काढून बघा, तो खर्चाचा नाही आणि पाच मिनिटांचे काम आहे. मी पाहिलेल्या एका फिल्टरमध्ये उंदराने भुईमुगाच्या टरफलांचा संसार मांडला होता. गाडीला कूलिंग पूर्ण मिळत असूनही एका बाजूची जाळी गार आणि दुसरी कोमट राहिली, किंवा डॅशबोर्डमागून टिक-टिक आवाज आला असता, तर गरम-गार हवा मिसळणाऱ्या पडद्याच्या मोटरवर मी संशय घेतला असता. तुमच्या पत्रात तसे काही नाही, म्हणून तो विषय इथे वाढवत नाही.

आता कामाचा क्रम, कारण पैसे वाचतील ते यातच वाचतील. हीटर कॉइल आणि कूलिंग कॉइल एकाच पेटीत शेजारी-शेजारी बसतात, आणि तिथे पोहोचायला बहुतेक गाड्यांमध्ये संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे एक-दोन दिवसांचे काम आहे, मजुरी मोठी असते, आणि घाईत केले तर नंतर खडखडाट कायमचा मागे लागतो. हीटर कॉइल बदलून डॅशबोर्ड बसवला आणि महिन्याभराने कळले की गॅस कूलिंग कॉइलमधूनच गळत होता, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. म्हणून डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी गॅसची गळती नेमकी कुठे आहे हे ठरवून घ्या. तोवर गाडी वापरणे भाग असेल तर हीटर कॉइलकडे जाणारी आणि तिच्याकडून येणारी अशा दोन नळ्या इंजिनाच्या बाजूला एकमेकींना जोडून तात्पुरता बायपास करता येतो. जळगावच्या मे महिन्यात हीटरवाचून कोणाचे अडत नाही, आणि पावसाळ्यात काचेवरचे धुके एसीनेही जाते. फक्त नळ्यांची तोंडे नुसती बंद करू देऊ नका. काही इंजिनांमध्ये कूलंटचा प्रवाह याच वाटेवर अवलंबून असतो, त्यामुळे वाट जोडलेली हवी. बायपासनंतर सिस्टिममधली हवा काढून कूलंट पूर्ण भरायला सांगा आणि त्यानंतर सिग्नलवरचा काटा पुन्हा पाहा.

या सगळ्यानंतर गॅसची वाट उघडली असेल तर ड्रायर नवा बसवावा, कारण त्यातली ओलावा शोषणारी दाणेदार पूड हवेला उघडी पडली की लवकर निकामी होते. गॅस स्टिकरवरच्या वजनाइतकाच भरावा, आणि बिलावर ग्रॅमचा आकडा लिहून घ्यावा. काढलेले जुने भाग परत मागा. तुम्ही वर्गात उत्तरपत्रिका तपासता तसे ते निरखून पाहा. झिजलेला फॅन हातात घेतला की त्याचे दांडे हलताना कळतात, आणि फुटलेल्या कंडेन्सरवर तेलाचा डाग दिसतो. कॉम्प्रेसर खरोखरच बदलायची वेळ आली तर त्याच्या आतला भुगा नळ्यांमध्ये गेला आहे का, हे उघडल्यावर तपासायला सांगा, कारण तो भुगा धुतल्याशिवाय बसवलेला नवा कॉम्प्रेसरही फार दिवस टिकत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी गॅरेजच्या आवारात मान्य करू नका. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान अजिंठा चौफुलीवरून दोन फेऱ्या मारा, काचा आधी उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावून मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर धरा. बाहेर ४० अंश असताना उभ्या गाडीत १२ ते १५ अंश मिळाले तर काम नीट झाले. महामार्गावर त्याहून खाली जायला हवे. आणि गालिचा पूर्ण काढून, त्याखालचा स्पंजही साबणाने धुऊन, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोड वास दुरुस्तीनंतरही राहील आणि सासरे म्हणतील की काहीच झाले नाही. तो परत अंथरताना खाली वर्तमानपत्राचे एक पान घाला आणि आठवड्याने ते काढून पाहा.